दूध कुणी घालवलं

"दुधाकडे नुसतं बघा. बाकी काही करू नका," असं बजावून बायको खाली टाकीवर गेली. ऐंशी सालाच्या आसपास वाशीतल्या आमच्या नव्याकोऱ्या इमारतीत सगळं होतं, फक्त पाणी वर चढत नव्हतं. मी दुधाकडे बघत होतो. पण दूध बघून बघून माणूस किती बघणार? ओट्याशेजारच्या खिडकीत आरसा टेकवला आणि दाढीला बसलो. त्यातला चेहराच जरा जास्त वेळ बघितला गेला. फस्स्! दूध ओट्यावरून थेट माझ्या पायावर.

धाकटी बहीण ठाण्याहून चार दिवस राहायला आली होती. ती अंघोळीला गेलेली. आवाज ऐकून ओल्या केसांनी धावत आली.

"चुकलं दादा, माझंच चुकलं. मी लक्ष ठेवायला हवं होतं." आणि ते गरम दूध हातानेच निपटू लागली.

मला बरंच वाटलं. "असू दे गं, होतं असं," म्हणून मी मोठ्या मनाने तिला माफही केलं.

बायको हंडा घेऊन दारात उभी होती. "अगं, तू तर आत अंघोळ करत होतीस. तुझं कसं चुकलं?"

बहीण गोंधळली. "माहीत नाही, वहिनी. पण तसं म्हटलं की विषय संपतो."

बायकोने हंडा तिथेच ठेवला आणि तिला जवळ बसवलं. मग तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. घरातले दिवे गेले, चुकलं तिचं. भावोजींची बस गेली, चुकलं तिचंच. मग अबोला. भावोजी भिंतीकडे बघून म्हणायचे, "या घरात कुणी पाणी देतं का?" तिने कितीदा 'चुकलं' म्हटलं म्हणजे पुरे, ते भावोजी ठरवणार. शेजारणींकडे जाणं बंद, कारण 'तुला माणसं कळत नाहीत'. आणि चारचौघांत तिच्यावर विनोद. त्या विनोदांना दर दिवाळीला सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं, ते सांगायला नको.

"हात उगारतात का?" मी विचारलं.

"छे."

"पितात?"

"सुपारीसुद्धा खात नाहीत."

"मग त्रास कसला?"

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की उरलेलं दूधही उतू गेलं असतं. "मार निदान दिसतो तरी. ही आता कुणी न बोलताच स्वतःला बोल लावते. तिला परत पाठवायचं की नाही, ते तिला विचारा. मला नको, भावोजींना तर मुळीच नको."

रविवारी भावोजी न्यायला आले. जावयाचा मान ठेवण्यात माझा जन्म गेलेला. तरी आरशासमोर मी एक जळजळीत भाषण तयार केलं होतं. ते आले, ऐसपैस बसले, हसून म्हणाले, "काय वहिनी, आमच्या ध्यानाने काय काय सांडलं?"

माझ्या भाषणातून फक्त "चहा घेणार?" एवढंच बाहेर पडलं. पण हसलो मात्र नाही. कुणीच हसलं नाही.

भावोजींनी भिंतीकडे तोंड केलं. "कुणाला निघायचं असेल, तर बस आहे."

बहिणीने आधी माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. पदराचं टोक मुठीत गच्च.

"मी येत नाही," ती म्हणाली.

भावोजी चहा पिऊन एकटेच गेले. ती पुढेही गेली नाही. आमच्याच वसाहतीतल्या बालवाडीत शिकवू लागली. नातेवाइकांनी मला 'बहिणीचा संसार मोडणारा' ठरवलं. त्या मानाची खरी मानकरी बायको. माझ्या घरात निदान एका माणसाला ऐकू येत होतं, याबद्दल मी देवाचे आभार मानतो, तिचे तोंडावर मानायचे मात्र राहूनच जातात.

काही महिन्यांनी पुन्हा दूध माझ्या ताब्यात होतं. पुन्हा फस्स्!

"दादा, घालवलंस ना!" गॅलरीतून बहीण ओरडली. जागची हलली नाही. चक्क हसत होती.

दुधात पाय भिजवून मी उभा, आणि डोळे आपले वाहतायत. बायको आली, तिने एकदा ओट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"रडताय काय? ओटा पुसा. आणि 'माझं चुकलं' असं मोठ्याने म्हणा. ऐकू दे तिला."