आक्काच्या परसातलं सफरचंद

माझा भाचा फौजेत होता. हिमाचलात असताना एका सुट्टीला येताना त्यानं सफरचंदाचं रोप आणलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर धरून. वडूजच्या उन्हात सफरचंद? सगळे हसले. "गरम हवेत येणारं वाण हाय, आये," असं त्यानं माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, सांगितलं आणि स्वतः खड्डा खणून परसात ते लावलं.

झाड फळाला आलं तेव्हा तो नव्हता. ड्युटीवरची गाडी दरीत कोसळली होती. फळं लहान, फिकट, जराशी आंबटच. आक्कानं पहिलं फळ त्याच्या फोटोपुढं ठेवलं, बाकीची गल्लीत वाटली. स्वतः एकही खाल्लं नाही.

मग एका उन्हाळ्यात झाड एका अंगानं वाळायला लागलं. बुंध्याची साल बोटानं निघत होती. मूळ कुजलं होतं. औषधं ओतून झाली. शेवटी आक्कानं मला माधवनगरला फोन केला.

"तू डाळिंबाच्या फांदीला गुटी बांधून रोपं करायचास न्हवं? ह्याची बांध."

"सफरचंदाची गुटी सहसा धरत नाही गं, आक्का."

"बांध तरी."

पाऊस सुरू झाल्यावर गेलो. हिरव्या अंगाच्या फांद्या निवडल्या. आक्कानं फांदी धरली, मी चाकूनं सालीचं कडं काढायला लागलो. तिनं तोंड फिरवलं.

"लय लागत आसंल का रं त्याला?"

झाडाला काय कळतंय, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. ओलं शेवाळ लावून वरून प्लास्टिक घट्ट बांधलं.

बहुतेक गुट्या आतून काळ्या पडल्या. एकीत मात्र प्लास्टिकमधून पांढरी, दोऱ्यासारखी मुळं दिसली. ती फांदी कापून मी कुंडीत लावली आणि सांभाळायला घरी घेऊन आलो. दिवाळीपर्यंत जुनं झाड पूर्ण वाळलं. कुंडीतल्या रोपाला पालवी फुटली, तेव्हा मला कोण आनंद झाला! कुंडी घेऊन एसटीनं वडूज गाठलं.

"आक्का, बघ, जगलं! त्याचंच झाड आहे हे."

तिनं पानावरून बोट फिरवलं.

"ह्याला त्याचा हात न्हाई लागला रं."

खाली मान घालून मी खड्डा खणायला लागलो. माती लोटायला मात्र तीच खाली बसली.

ते रोप आता आक्काच्या खांद्याला लागलंय. ती त्याला पाणी घालते, शेळ्यांपासून जपते. पण वाळलेलं झाड कुणाला तोडू देत नाही. परवा मी विषय काढला, तर पदरानं हात पुसत म्हणाली,

"आसू दे की. कुणाला आडवं येतंय ते?"