दर मिनिटाला एक भोंगा

एफी रॉरी अ‍ॅलेक, म्हणजे अ‍ॅलेकच्या रॉरीची एफी. केप ब्रेटन बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर आडनाव सांगून उपयोग नसतो, निम्मं गाव एकाच आडनावाचं. एफी शाळेची बस चालवायची. सात वाजून बारा मिनिटांनी बस पोस्टाच्या कोपऱ्यावर यायची आणि तेराव्या मिनिटाला सुटायची, मग कुणाचं पोर बूट हातात घेऊन मागे धावत का येईना. आया तिच्या नावानं बोटं मोडायच्या आणि घरातली घड्याळं मात्र तिच्या बसवर लावायच्या.

हा वक्तशीरपणा बापाकडून आलेला. रॉरी दीपगृहावर नोकरीला होता. धुकं उतरलं की तिथला मोठा भोंगा सुरू करायचा, आणि भोंगा ज्या घड्याळावर चालायचा ते रोज पारखून ठेवायचं, हे त्याचं काम. दर मिनिटाला एक भोंगा. धुक्याच्या दिवशी एफीची आई स्वयंपाकसुद्धा त्याच्यावर करायची. अंडं उकडायचं तर चार भोंगे.

बाकीच्या वेळात रॉरी व्हायोलिन वाजवायचा. लग्न असो की चर्चच्या सभागृहातला नाच, रॉरीशिवाय कुणाचं पान हलत नसे. १९६२ साली टोरांटोहून वेंडेल एन्स्ली नावाचा एक तरुण संशोधक बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर घेऊन आला. घरात वीज नव्हती. रॉरीनं स्वयंपाकघरात बसून त्याला एक चाल वाजवून दाखवली, आणि बाहेर धुकं असल्यामुळे मध्येमध्ये भोंगाही वाजला. दोन वर्षांनी राष्ट्रीय संगीत-संशोधन परिषदेच्या त्रैमासिकात लेख छापून आला. पाद्रीबाबांनी तो कौतुकानं सगळ्यांसमोर वाचायला घेतला आणि एका वाक्यापाशी अडखळले. ‘सूर जवळजवळ एका स्वरानं चढा, लय उतावीळ; वादकाला स्वतःला आवरता येत नाही.’

झालं! गावाला आयतं कोलीत मिळालं. “काय रॉरी, कुठं आग लागलीय?” असं जो तो विचारायचा. रॉरी हसायचा. पण तेव्हापासून तो वाजवताना पाय जोरजोरात आपटायला लागला, स्वतःला आवरायला. दरवर्षी थोडा हळू वाजवायचा. शेवटी नाचणारे कंटाळले आणि त्यांनी दुसरा वादक गाठला. १९८१ साली रॉरी गेला तेव्हा व्हायोलिन कपाटावर धूळ खात पडलं होतं. एफीला त्या लेखाचा मनस्वी राग होता, पण पुढं विद्यापीठाचा डॉक्टर झालेल्या एन्स्लीशी वाद कोण घालणार?

१९९८च्या वसंतात परिषदेकडून एक पाकीट आलं. पन्नासाव्या वर्षानिमित्त जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच काढायचा होता, आणि घरच्यांच्या सहीशिवाय काही छापायचं नाही, असा परिषदेचा नियम. पाकिटात कॅसेट होती, सहीचा कागद होता आणि संचात छापायची टीप होती. टिपेत तेच वाक्य.

“सही करून मोकळी हो,” तिचा भाऊ लॉकी म्हणाला. तो लॉबस्टर पकडायचा आणि जेवायच्या वेळेला बरोबर टपकायचा. “बाबांचं नाव तरी येईल.”

“हे असलं नाव?”

एफी माशाच्या टिक्क्या तळत होती. तिनं कॅसेट लावली. घाईची, किरटी चाल सुरू झाली. भोंगा वाजला. थोड्या वेळानं दुसरा वाजला आणि एफीचा हात कढईवर थांबला.

“लवकर आला.”

“कोण?”

“भोंगा.”

“अगं, छत्तीस वर्षांपूर्वीचा भोंगा तो! तुझी बस चुकणारेय का त्याच्यापायी?”

एफीनं कॅसेट मागं नेली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. चोपन्न सेकंद. पुन्हा लावली. चोपन्न. टिक्क्या करपल्या. लॉकी उठला, होडीवर गेला आणि बापाची दीपगृहांच्या दिव्यांची आणि भोंग्यांची जुनी सरकारी यादी घेऊन आला. त्यात छापलं होतं, दर साठ सेकंदांना एक. एकदाही थट्टा न करता त्यानं ते पान बहिणीसमोर धरलं.

तिनं परिषदेला दोन पानांचं पत्र लिहिलं. आठवड्याभरात परिषदेच्या चिटणीस बर्नाडीन कोमो यांचा फोन आला.

“सही करू नका,” बाई म्हणाल्या. “हे आमच्या वार्षिक सभेत मांडा.”

“मी? अहो, मी बस चालवते.”

“निवड समितीला आम्ही नावं दाखवत नाही. त्यांनी फक्त तुमची दोन पानं वाचली आणि निवडली.”

“आणि ते एन्स्ली?”

“ते पहिल्या रांगेत असतात. दरवर्षी.”

विद्वानांच्या सभांची टिंगल करणं सोपं आहे. छातीवर बिल्ले लावलेली माणसं एकमेकांना कंटाळा आणतात, हेही खरं. पण तिथं एखाद्याला वीस मिनिटं दिली की बाकीचे वीस मिनिटं तोंड मिटून ऐकतात, आणि हे आपल्या संसदेतही घडत नाही. हॅलिफॅक्सच्या त्या सभागृहात एफी अकरा मिनिटांतच थांबली. तिनं कॅसेट ऐकवली, यादीतलं पान दाखवलं आणि सांगितलं, टेप पळतेय, माझे बाबा नाहीत.

पहिल्या रांगेतून डॉ. एन्स्ली उठले. केस पांढरे, आवाज करडा. “बाई, भोंग्याचं घड्याळच पुढं धावत असेल तर?”

एफी मागं हटली नाही. “ते घड्याळ माझे बाबाच लावायचे, डॉक्टर. बावीस वर्षं. त्यांच्या भोंग्यावर भरवसा ठेवून जहाजं खडक टाळायची. दर मिनिटाला सहा सेकंद चुकले असते तर त्यांना आठवड्यात घरी बसवलं असतं.”



“तुमच्याकडे यायच्या आधी मी एका गावात पावसात अडकलो होतो,” डॉक्टर म्हणाले. “करमत नव्हतं, म्हणून आधीचं मुद्रण परत परत ऐकत बसलो. बॅटरी तिथंच संपत आली. तुमच्या घरी टेप हळू फिरली असणार. मग परतल्यावर नेहमीच्या वेगानं लावली की ती पळणारच. हे मला सुचायला हवं होतं. टेप फिरतेय ना, एवढंच मी पाहिलं.”

बर्नाडीनबाईंनी मूळ रीळ मागवून त्याचा वेग भोंग्याशी जुळवून ठेवला होता. त्यांनी ते लावलं. चाल खाली उतरली, ऐसपैस झाली, पाय आपोआप ताल धरतील अशी. भोंगा खोल आवाजात आला, आणि साठाव्या सेकंदाला परत आला. एफीनं तोंडावर हात धरला. हेच तिला आठवत होतं. इतकी वर्षं ती स्वतःच्या कानांना खोटं पाडत आली होती.

चाल संपली. कॅसेटवर आवाज इथंच कापलेला होता, मूळ रिळावर नव्हता. खुर्ची करकरली आणि रॉरीचा जाड, दमदार आवाज आला. सतरा वर्षांत एफीनं तो ऐकला नव्हता.

“फार संथ तर नाही ना झालं, बाळा?”

“नाही हो काका,” सत्तावीस वर्षांचा एन्स्ली उत्तरला. “अगदी बरोबर होतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ते मंचावर आले, एफीच्या हातातली टीप मागून घेतली आणि तिच्यासमोरच ते जुनं वाक्य खोडलं. त्याच्या जागी त्यांनी लिहिलं: ‘लय अगदी बरोबर. वेळ भोंग्याच्या साक्षीनं.’

एफीनं ते दोनदा वाचलं. मग पेन मागितलं आणि सही केली.