मोठ्यांनी पाठ फिरवावी

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा असलाच, तर त्याची नि मामांची गाठ पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे. नेसरीच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे ते ग्रामपंचायतीचे सदस्य. आवाज असा, की त्यांनी घरात चहा मागितला की समोरच्या घरात आधण चढतं. पण खरा हट्ट वेगळाच. ज्यात पोरांचा संबंध आहे, ते पोरांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. मोठ्यांना नाही विचारलं तरी चालतं. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी गल्लीतल्या पोरांना विचारलं, लग्नात काय आवडत नाही? पोरं म्हणाली, जेवणाआधीची भाषणं. मामांनी भाषणं रद्द केली. आशीर्वाद द्यायला आलेले पुढारी न जेवता गेले आणि पोरं दोनदा जेवली.

मध्यंतरी पंचायतीकडे मुलांसाठी थोडा निधी आला. शाळेला कमान बांधायची, असं सगळ्यांनी मनोमन ठरवूनच टाकलं होतं. पंचायतीच्या बैठकीत मामा उभे राहिले आणि म्हणाले, पोरांना विचारा. लोक हसले. सरपंचबाईंनी समजावलं. पोरांची सभा ठरेपर्यंत मी खाली बसणार नाही, असं सांगून मामा उभेच राहिले. माणसं घरी गेली तरी ते तिथेच. शिपायाला कुलूप लावता येईना, तेव्हा कुठे येत्या रविवारची सभा ठरली.

त्या रविवारी आम्ही गावातच होतो, म्हणून मीही गेलो. पोरं मधोमध बसली होती, मोठी माणसं कडेनं. कुणी बोलेना. एखादं पोर तोंड उघडायचं, बापाचे डोळे बघायचं आणि मिटायचं. मामांनी हे थोडा वेळ पाहिलं आणि हुकूम सोडला, मोठ्यांनी सगळ्यांनी पाठ फिरवायची. सरपंचबाई, ग्रामसेवक, मास्तर आणि पाव्हणा म्हणून आलेला मी, सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो.

मग पोरं बोलायला लागली. कमान कुणालाच नको होती. मुलींना संडासाच्या दाराला कडी हवी होती. शाळा सुटते त्या वेळी उसाच्या ट्रॉल्या थांबवा, असं एकजण म्हणाला. शेवटी सहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "शाळा सांजच्याला उघडी ठेवा. घरात भांडणं लागली की आमाला बसायला जागा न्हाय. देवळाच्या पायरीवर बसलं तर लोक इचारत्यात."

कुणी मागे वळलं नाही. माझ्या शेजारचा माणूस नखानं भिंतीचा रंग खरवडत होता. तो तिचा बाप, हे मला नंतर कळलं.

मामांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आनी कोन कोन बसतंय पायरीवर? हात वर करा."

आम्हाला काही दिसत नव्हतं. नुसती कपड्यांची सळसळ ऐकू आली. ती बराच वेळ चालली.

कमान झाली नाही. दाराला कडी बसली. संध्याकाळी वर्गात कोण बसणार, यावर पुन्हा वाद निघाला, तेव्हा मामा म्हणाले, मी बसतो. तेव्हापासून जेवणवेळेपर्यंत शाळेची एक खोली उघडी असते. तिथे कॅरम आहे, सतरंजी आहे आणि दाराशी खुर्ची टाकून मामा. एकदा त्या मुलीचा बाप तिला न्यायला आला. मामांनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं आणि आधी तिला विचारायला लावलं. त्यानं विचारलं. ती म्हणाली, हा डाव झाल्यावर. तो बाहेर उभा राहिला.

यंदा मामांचे गुडघे साफ गेले. त्यांना पुण्याला लेकीकडे ठेवायचं, असं आम्ही नातेवाइकांनी ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी निरोप घ्यायला मी त्यांना शाळेत घेऊन गेलो. कॅरम थांबला. एक चिमुरडी मामांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, तुमास्नी जायाचं हाय व्हय?"

एवढं विचारायचं आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं.

"न्हाय गं," ते म्हणाले.

सकाळी पुण्याची गाडी त्यांच्याविनाच गेली.