एक थेंब मशीन ऑइल

भोसरीतल्या त्या गल्लीत एकही दार कुरकुरत नाही, याचं सारं पुण्य भिवा ओव्हाळांच्या पदरात. जन्मभर वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून राबले, रिटायर झाले, पण हातातला ऑइलकॅन काही सुटला नाही. शिलाई मशीन, सायकली, शटरं, जे हलतं त्याला तेल. जे हलत नाही त्यालाही थोडं, सावधगिरी म्हणून. बायको तानुबाई पाहुण्यांना बजावायची, "ह्यांच्यासमोर लई वेळ गप बसू नका. गुडघ्यात तेल सोडतील."

मुलगी आम्रपाली कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. राजगुरुनगरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या रानात तिला एक भुंगेरा सापडला. नखाएवढा, सुक्या मिरचीसारखा लाल, पंखांवर उभ्याआडव्या रेघांची बारीक जाळी. जाळीपंखी भुंगेऱ्यांच्या जाती पुष्कळ, पण ही आजवर कुणी नोंदवलेलीच नव्हती. नव्या जातीचं वर्णन छापायचं तर एक किडा नमुना म्हणून कायमचा जपावा लागतो, आणि या कुळात खरी ओळख पटते ती नरावरून. नर तिच्याकडे एकच होता. पुन्हा पुन्हा रान तुडवूनही दुसरा मिळाला नव्हता. लेख लिहून तयार होता, फोटो तेवढे राहिले होते.

रविवारी ती नमुन्याची डबी टेबलावर ठेवून बाजारात गेली. भिवांनी नुसतं बघायला म्हणून झाकण उघडलं. पण फिटरच्या डोळ्याला किडा कुठला दिसायला? दिसली ती त्याच्यात खोचलेली टाचणी. पावसाळी हवा, उघडं लोखंड! त्यांना राहवेना. एकच थेंब सोडला. तो टाचणीवरून झकास खाली उतरला.

"तुझ्या टाचणीला तेल दिलंय गं," लेक दारात येताच ते कौतुकानं म्हणाले. "आता गंजायची न्हाई."

आम्रपालीनं डबी उघडली. लाल भुंगेरा काळपट ओला झाला होता. अंगावरची लव चिकटून बसली होती, जाळी तेलात बुडाली होती.

"बाबा, टाचणी स्टेनलेस स्टीलची आहे! ती गंजतच नाही! हा एकच नर होता माझ्याकडे!" एवढं बोलून ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. भिवांनी हातातला ऑइलकॅन खाली ठेवला. नोकरीत साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पण तो कधी सुटला नव्हता.

मग तिनं डोळे पुसून तिला किड्यांचा अभ्यास शिकवलेल्या पुण्याच्या सरांना फोन लावला. सर आधी पोटभर हसले, मग म्हणाले, अ‍ॅसिटोनमध्ये बुडव आणि धीर धर. बापलेक स्कूटरवरून कॉलेजात निघाले. मागं बसलेल्या भिवांनी डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला महापालिकेचा उद्धार चालला होता.

प्रयोगशाळेत काचेच्या वाटीत तेल हळूहळू सुटत गेलं. संध्याकाळपर्यंत लाली परत आली, लव मोकळी झाली. फोटो झाल्यावर आम्रपालीनं बापाला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. भिवांनी एक डोळा मिटून जाळीची एकेक रेघ निरखली.

"एवढं बारीक काम! आन मी त्याच्यावर तेल वतलं."

"जाऊ दे बाबा. तेलाचं मी लेखात लिहीत नाही. उगाच बाकीचे संशोधक रंगाबद्दल शंका काढत बसतील. कुणाला कळणार आहे?"

भिवा ताडकन उठले. "न्हाई. आमच्या वर्कशॉपात हातातला जॉब बिघडला की बिघडवणाऱ्यानं सोता त्याच्यावर खडूनं आपला हजेरीचा टोकन नंबर टाकायचा. नीट झाला तरी टाकायचा. लपवलं तर म्होरचा फसतो. लिही, नावानिशी लिही."

"बरं, लिहिते. पण मी या जातीलाच तुमचं नाव द्यायचं ठरवलं होतं..."

"ते चांगलं काम करणाराचं द्यावं. ह्याला डोंगराचं दे."

लेख छापून आला. भुंगेऱ्याला डोंगराचं नाव मिळालं. आम्रपालीनं इंग्रजी पानावर बोट ठेवून ती ओळ मराठीत वाचून दाखवली: नमुन्यावर भिवा ओव्हाळ यांच्या हातून मशीनचं तेल पडलं होतं, ते धुऊन काढलं आहे. भिवांनी ती तीनदा वाचायला लावली. त्यांच्या हातून आजवर लाखो पार्ट गेले होते. एकावरही त्यांचं नाव नव्हतं.

कागद घेऊन ते थेट कोपऱ्यावरच्या गॅरेजात अन्वरकडे गेले.

"नाव छापून आलं? अरे वा! काय केलं भाऊ तुम्ही?"

"बिघडवलं," भिवा ताठ मानेनं म्हणाले, "आन कबूल केलं."