जे कड्यावर येत नाहीत

बुलढाण्याच्या घाटातल्या एका काळ्या कड्यावर आम्ही काही मित्र दर रविवारी चढाई करतो. मागच्या वर्षी तिथेच माझ्या अनामिकेत कट्कन आवाज झाला आणि दुपारपर्यंत बोट सुजून मिटेनासं झालं. महिन्याभरात गिर्यारोहणाचा कोर्स होता. महत्प्रयासाने मिळालेली जागा आता जाते की काय, या धास्तीने मी अर्धमेला झालो.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाचं बोट दुखावलं की बाकीचे आपापला पंजा पुढे करतात. "हे पाह्य, माहं बी असंच झालतं. पट्टी गुंडाळली, चढत राह्यलो, झालं बरं." असे चार पंजे पाहून मला हायसं वाटलं. फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो तो फक्त त्यांचा होकार घ्यायला.

बाई देऊळघाटच्या. त्यांनी बोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी करवली. बोट मिटवणारी कंडरा हाडाशी धरून ठेवणारा पट्टा अर्धवट फाटला होता. माझे चार साक्षीदार त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"अन् ज्याइचं बरं नाही झालं, ते काय म्हंतात?"

"तसं कुणी नाहीच आमच्यात."

"नाहीतच, की कड्यावर येत नाहीत?"

मला रागच आला. उपचार विचारायला आलो, तर ही उलटतपासणी! पण लगेच धामणगाव बढ्याचा मित्र आठवला. आमच्यात सगळ्यात तयारीचा गडी, पण यायचा बंद झाला होता. सरकीच्या दुकानातून सवड मिळत नसेल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. तिथूनच त्याला फोन लावला.

"बोट मिटतच नाही बे. सरकीचं पोतं शिवाले दाभणबी धरता येत नाही. मीबी पट्टी गुंडाळूनच चढत होतो ना." मग म्हणाला, "काऊन येत नाही म्हून कोणी इचारलंच नाही."

फोन ठेवून मी बाईंना सगळं सांगितलं.

बाईंनी मात्र तेही ताणलं नाही. "या एकट्यावरूनबी काही ठरत नाही, भाऊ. डॉक्टरीच्या पुस्तकाइत जे लिहेल हाय तेबी थोड्याच लोकाइवरचं हाय. पक्कं मले माहीत नाही. पण थांबलात अन् माहं चुकलं, तं एक कोर्स जाईन. चढलात अन् तुमच्या चौघाइचं चुकलं, तं बोट जाईन."

मी कोर्सची जागा सोडली. बरेच दिवस घरात तोंड पाडून बसलो. बाईंनी हळूहळू बोटावर भार वाढवत नेला आणि यंदा मी कोर्स पुरा करून आलो. थांबलो नसतो तरी बोट बरं झालं असतं का, कोण जाणे. पण "पक्कं माहीत नाही" हे तोंडावर सांगून वर नीट विचार करून सल्ला देणारं माणूस मला भेटलं, याचे उपकार मी विसरणार नाही.

धामणगावचा मित्र आता रविवारी येतो, खाली उभा राहून आमचा दोर सांभाळतो. परवा एकाचं बोट दुखावलं. सगळ्यांच्या आधी या मित्राचा पंजा पुढे आला, न मिटणाऱ्या बोटासकट.