वहिनीचा उलटा वर्ग

माझी वहिनी विणकाम शिकवते आणि तिच्या वर्गात कानठळ्या बसतात. सायकलच्या दुकानावरची एवढीशी खोली, त्यात चौदा बायका, अठ्ठावीस सुया, आणि सगळ्यांत मोठा आवाज खुद्द बाईंचा. "सुलट, सुलट, उलट! अहो, टाका पळाला, धरा त्याला!" मी नणंद असूनही सांगते, अशी शिक्षिका शोधून सापडायची नाही.

आधी ती दुकानांच्या काचांवर नावं रंगवायची. आत उभं राहायचं आणि बाहेरून सरळ वाचता यावीत म्हणून अक्षरं उलटी काढायची. एकदा शिडीवरून पडली, दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा शेजारच्या आजी समोर खुर्ची टाकून तिला विणायला शिकवू लागल्या. झालं! ही अशी वेडी झाली की प्लास्टर निघायच्या आत दादाचा स्वेटर तयार.

ज्या कलाशाळेसाठी ती हंगामी शिक्षिका म्हणून हा वर्ग घेते, त्या शाळेने यंदा तिला कायम करायचं मनावर घेतलं. परीक्षक येऊन वर्ग बघणार होत्या. त्यांनी नापास केलं तर नोकरी नाही, आणि शाळेने दिलेली ही खोलीही जाणार. वहिनीने आठ दिवस घर डोक्यावर घेतलं.

परीक्षकबाई आल्या त्या दिवशी तिला धीर द्यायला मीही वर्गात जाऊन बसले. बाईंनी एक फेरी मारली, दुसरी मारली, चष्मा पुसला.

"या सगळ्या डावखुऱ्या आहेत का हो?"

"छे! एकही नाही," वहिनी म्हणाली.

"मग डाव्या हाताने का विणतायत?"

वहिनी स्वतःच्या हातांकडे बघतच राहिली. आजी समोर बसायच्या. त्यांचा उजवा हात हलला की हिने समोरचा, म्हणजे आपला डावा हलवला. काचेवर उलटं लिहिणाऱ्या बाईला त्यात खटकणार काय? आणि पुढे नऊ वर्षं एकेकीला शेजारी बसवून तिने तेच शिकवलं होतं!

"गेली माझी नोकरी," ती म्हणाली. मला तिची इतकी दया आली की मी फिस्सकन हसले. मग चौदाही जणी हसत सुटल्या.

परीक्षकबाई मात्र एक बाही उलटसुलट करून बघत होत्या.

"वीण चोख आहे. यात उजवं मनगट वळवावं लागत नाही?"

"मुळीच नाही. तो हात नुसता सुई धरतो."

"माझं दोन वर्षांपासून वळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "विणणं सुटलं माझं."

वहिनीची भीती कुठल्या कुठे पळाली. तिने त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. अर्ध्या तासात एक ओळ झाली, वेडीवाकडी, पण झाली. आम्ही असा गलका केला की खालचा सायकलवाला धावत वर आला. परीक्षकबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"मग निकालाचं काय?" मला राहवेना.

"थांबा हो," त्या मानही वर न करता म्हणाल्या, "दुसरी ओळ शिकू द्या. माझ्या बाईंना कायम केल्याशिवाय मी इथून हलते होय?"