पाणी पाहिजे का?

दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो ना, तिथं एक बाई घागर घेऊन "पाणी पाहिजे का? पाणी पाहिजे का?" म्हणत फिरायची. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची, तोवर एक शब्द बोललेली नव्हती. एका दुपारी घसा सुकला तशी माझा पदर ओढून म्हणाली, "पाणी पाहिजे का?" हाच तिचा पहिला बोल. तेव्हापासनं तहान लागली की ती असंच विचारायची. घरात सगळ्यांना ठाऊक.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली, त्या साली पुण्याहून एक शिकलेल्या बाई आल्या. परदेशात माझ्या लेकीसारखी मुलं बघून आलेल्या. कुठल्या जातीधर्मात अशा लेकरांना काय म्हणतात, कसं वागवतात, ते लिहून घेत होत्या. इकडं गुरुजी पोरीला शाळेत घेईनात. "हिला समजतं असं त्या बाईंनी लिहून दिलं, तर घेतो," म्हणाले. म्हणून मी बाईंना घरी बोलावलं.

बाईंचा पहिलाच सवाल, "तुमच्यात असं मूल देवीला सोडतात का हो?"

"आमी बौद्ध हाव, बाई. देव सोडले, लेकरू न्हाय सोडलं."

एवढ्यात लेक त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "पाणी पाहिजे का?"

"नको गं बाळ, आत्ताच चहा झाला."

झालं! पोरगी भिंतीवर डोकं आपटून रडायला लागली. मी तिला आवरत होते आणि बाई लिहीत होत्या : 'विचारलेले समजत नाही. विनाकारण रडते.'

"ते खोडा," मी म्हणलं.

"तुम्हाला वाचता येतं?"

"किराण्याच्या पुड्या वाचून शिकले. तुमचं अक्षर उलटं बी लागतंय मला."

मी लेकीला तांब्या दिला. तिनं घटाघटा रिकामा केला आणि गप बसली.

"तिनं पाणी मागितलं, तुमी नको म्हणलात. आता सांगा, कुणाला समजलं न्हाय? इतक्या मुलखांच्या बोली शिकलात म्हणं. हिची बी एक बोली हाय. ती शिका, मग लिहा."

बाईंचं तोंड लाल झालं. पण उठून गेल्या नाहीत, दिवेलागणीपर्यंत लेकीजवळ बसल्या. खोडलं, आणि नवं लिहिलं : 'हिला समजते. ऐकलेल्या वाक्यातूनच हवे ते मागते.' पुढं ह्याच विषयात त्यांचं मोठं नाव झालं. 'स्वमग्न' हा शब्द मी त्यांच्याच पत्रात पहिल्यांदा वाचला.

तर दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी शाळेत गेले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे ऐकलेलंच परत म्हणते की ही!"

"मग गुरुजी, तुमी पाढे म्हणून घेता ते काय असतंय?"

वर्गातली पोरं खिदळली. गुरुजी म्हणाले, "बघू उद्या."

"उद्या न्हाय."

हजेरीपटात नाव चढेपर्यंत मी दारातनं हलले नाही.